कातडी की मेंदू? बेडकाच्या अंड्यात पहिल्याच दिवशी लागणारा निकाल

मिरगाचे दोन-चार पाऊस झाले की खानापूर, चंदगड, आंबोली या पट्ट्यात रात्री एकच आवाज भरून राहतो, बेडकांचा. शेतात, ओहोळात, रस्त्याकडेच्या खड्ड्यात, जिकडे तिकडे डराँव डराँव. सकाळी त्याच खड्ड्यात वाकून बघितले तर पाण्यात साबुदाण्याच्या खिरीसारखे काहीतरी चिकट दिसते आणि त्यात मोहरीएवढे काळे ठिपके. गावाकडच्या पोरांना ते काय आहे हे सांगावे लागत नाही. ती बेडकाची अंडी.

काही दिवसांनी तेच ठिपके शेपूट हलवत पळू लागतात. पाण्यात काडी घातली की झटकन वळतात आणि गवताच्या आड जातात. म्हणजे त्यांना स्पर्श कळतो, उजेड-सावली कळते, कुठल्या बाजूला पळायचे हे ठरवता येते. थोडक्यात, त्यांना मेंदू आहे. आठवड्यापूर्वी तिथे डोळे नव्हते, मज्जातंतू नव्हते, काहीच नव्हते. होती फक्त एक गोल पेशी. मग हा मेंदू आला कुठून?

प्रश्न पोराटकीचा वाटतो, पण शंभराहून अधिक वर्षे जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्याच्यामागे आयुष्ये घालवली. त्यातून जे कळले ते बेडकापुरते राहिले नाही. माणसाचा मेंदूही जवळपास त्याच पायऱ्यांनी तयार होतो. आणि त्यातली सर्वांत नाजूक पायरी आईला दिवस गेल्याची नीट खात्री होण्याआधीच पार पडलेली असते. म्हणून ही गोष्ट शाळकरी मुलांइतकीच नव्या सुनेने, तिच्या नवऱ्याने आणि तिच्या सासूनेही वाचावी अशी आहे.

बेडूकच का?

आपल्याकडे सायन्सला गेलेल्या एका अख्ख्या पिढीने कॉलेजच्या लॅबमध्ये बेडूक कापला. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून पसरलेला बेडूक आणि फॉर्मॅलिनचा वास अनेकांना अजून आठवत असेल. पुढे ती पद्धत बंद होत गेली आणि ते बरेच झाले. पण मेंदू कसा घडतो हे शोधणाऱ्यांना मोठ्या बेडकात फारसा रस नव्हताच. त्यांना हवी होती अंडी.

कारण साधे आहे. माणसाचा किंवा गाईचा गर्भ आईच्या पोटात वाढतो, तिथे डोकावता येत नाही. बेडकाचे अंडे बाहेर, पाण्यात, उघड्यावर वाढते. ते दिसण्याइतके मोठे असते आणि वाढीचा वेगही भन्नाट असतो. सकाळी फलित झालेल्या अंड्यात दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत मज्जासंस्थेचा पाया घातलेला असतो.

प्रयोगशाळांमध्ये सर्वांत जास्त वापरला जातो तो दक्षिण आफ्रिकेतला झेनोपस नावाचा, मागच्या पायांना नख्या असलेला बेडूक. तो जगभर पोहोचला त्यामागेही एक मजेशीर कारण आहे. १९३० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ लॅन्सलॉट हॉगबेन यांच्या कामातून कळले की गरोदर बाईच्या लघवीतील संप्रेरक टोचले की झेनोपसची मादी काही तासांत अंडी घालते. झाले, गरोदरपणाची चाचणी तयार! आज मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीचे काम तेव्हा अनेक देशांतल्या दवाखान्यांत बेडकी करत होती. १९६० च्या दशकापर्यंत ही पद्धत चालली. पट्ट्या आल्या, बेडक्या दवाखान्यातून गेल्या, पण प्रयोगशाळेत राहिल्या. इंजेक्शन दिले की बारा महिन्यांत कधीही अंडी देणारा प्राणी शास्त्रज्ञांना आणखी कुठे मिळणार?

आईची शिदोरी आणि तीस अंशांचे वळण

झेनोपसचे अंडे सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते. वरचा अर्धा भाग काळसर, खालचा फिकट आणि पिवळ्या बलकाने जड. शुक्रजंतू वरच्या काळ्या भागातून आत शिरतो. त्यानंतर पहिल्या दीड तासात, अंड्याचे दोन तुकडे होण्याआधीच, एक महत्त्वाची हालचाल होते. अंड्याचा बाहेरचा पातळ थर आतल्या गाभ्यावरून सुमारे तीस अंश सरकतो. पिकलेल्या संत्र्याची सैल साल आतल्या फोडींवरून किंचित फिरवावी तसा.

या एवढ्याशा वळणाने बाळाची पाठ कुठे आणि पोट कुठे हे ठरते. शुक्रजंतू ज्या बाजूने शिरला, साधारण तिच्या समोरची बाजू पाठीची होते. आईने अंड्याच्या तळाशी ठेवलेली काही रसायने या वळणाबरोबर त्या बाजूला सरकतात आणि तिथे पाठ, मज्जारज्जू आणि डोके घडवण्याची तयारी सुरू होते.

हे वळणच अडवले तर? शास्त्रज्ञांनी तेही करून बघितले. अंड्याच्या तळावर ठरावीक वेळी अतिनील किरण सोडले की बाहेरचा थर सरकत नाही. मग त्या अंड्यातून बेडूकमासा तयारच होत नाही. तयार होतो तो पोटाच्या पेशींचा गोळा, ना पाठ, ना डोके, ना मेंदू. पण असेच किरण लागलेले अंडे वेळेत तिरपे धरून ठेवले तर आतला जड बलक गुरुत्वाकर्षणाने सरकतो, अडलेले काम पुढे जाते आणि चांगला डोकेवाला बेडूकमासा जन्मतो.

वळण झाले की पेशी भराभर विभागू लागतात. पहिले विभाजन दीड तासाने, त्यानंतर दर अर्ध्या तासाला एक. दोनाच्या चार, चाराच्या आठ, असे करत चार हजारांच्या आसपास पेशी होईपर्यंत गर्भ स्वतःची जनुके जवळजवळ वापरतच नाही. सगळा कारभार आईने अंड्यात बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतो. त्यानंतर मात्र गर्भ स्वतःच्या जनुकांचा कारभार हातात घेतो.

फ्रायबुर्गमधली विद्यार्थिनी

आता मुख्य प्रश्न. चेंडूसारख्या या गर्भाच्या वरच्या भागावर पेशींचा एक थर असतो. त्यातल्या काही पेशी पुढे कातडी होतात आणि काही मेंदू. सुरुवातीला दोघींत काडीचाही फरक दिसत नाही. मग हिला मेंदू हो आणि तिला कातडी हो, हे सांगते कोण?

याचे पहिले ठोस उत्तर जर्मनीतल्या फ्रायबुर्ग येथे मिळाले. तिथे हान्स स्पेमान हे प्राध्यापक उभयचरांच्या गर्भावर अत्यंत नाजूक शस्त्रक्रिया करत असत. त्यांची हत्यारेही विलक्षण होती. अंडे आवळून दोन भाग करायला ते तान्ह्या बाळाच्या केसाचा फास वापरत, कारण त्याहून मऊ आणि बारीक दोरा मिळत नव्हता. त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करणाऱ्या हिल्डे मांगोल्ड या तरुणीने त्यांच्याच सांगण्यावरून एक प्रयोग हाती घेतला.

प्रयोगासाठी तिने न्यूटचे गर्भ घेतले. न्यूट म्हणजे पालीसारखा दिसणारा, शेपटी असलेला उभयचर, बेडकाचा चुलतभाऊच म्हणा. गर्भाच्या वाढीत एक वेळ अशी येते की पृष्ठभागावर छोटी खाच पडते आणि तिच्या ओठावरून पेशी आत शिरू लागतात. फिकट रंगाच्या एका गर्भाच्या या ओठाचा कण तिने कापून घेतला आणि गडद रंगाच्या दुसऱ्या गर्भाच्या पोटाच्या बाजूला बसवला. जिथे एरवी साधी कातडीच झाली असती, अशा जागी.

काही दिवसांनी त्या गर्भाच्या पोटावर दुसरे शरीर उगवलेले दिसले. त्याला स्वतःचा कणा, स्वतःची मज्जासंस्था. एकाला एक चिकटलेली जुळी भावंडेच जणू. खरी गंमत रंगात होती. दुसरा मेंदू आणि मज्जारज्जू बऱ्याच अंशी गडद पेशींचा, म्हणजे यजमान गर्भाच्या पेशींचा होता. याचा अर्थ असा की बसवलेल्या कणाने सगळे शरीर स्वतः घडवले नव्हते. त्याने शेजारच्या पेशींना कामाला लावले होते. ज्या कातडी होणार होत्या त्यांचा मेंदू झाला होता. स्पेमान यांनी या कणाला ‘संयोजक’ अशा अर्थाचे नाव दिले.

हा शोधनिबंध १९२४ मध्ये छापून आला. त्याच वर्षी घरातल्या स्टोव्हचा भडका उडून हिल्डे मांगोल्ड गंभीर भाजली आणि तिचा मृत्यू झाला. वय होते अवघे पंचवीस. मागे तान्हे मूल होते. १९३५ मध्ये या शोधाबद्दल स्पेमान यांना नोबेल मिळाले. नोबेल हयात व्यक्तीलाच दिले जाते, त्यामुळे मांगोल्डचे नाव त्या यादीत नाही. पण गर्भशास्त्राच्या पुस्तकात त्या कणाला आजही ‘स्पेमान-मांगोल्ड संयोजक’ म्हणतात.

साठ वर्षे सापडले नाही, कारण शोध उलटा चालला होता

संयोजक शेजाऱ्यांना कुठले रसायन देतो हे शोधायला मग जगभर धावाधाव सुरू झाली. सगळ्यांची समजूत अशी की कातडी ही पेशींची मूळ अवस्था आणि मेंदू म्हणजे काहीतरी विशेष, तेव्हा मेंदू करण्यासाठी खास हुकूम लागत असणार. पण प्रयोगांनी डोके फिरवले. संयोजक उकळून मारला तरी काम होई. भलतेसलते पदार्थ लावले तरी न्यूटच्या पेशींचा मेंदू होई. इतकी उत्तरे आली की खरे कोणते तेच कळेना. अनेकांनी नाद सोडला.

कोडे सुटू लागले ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस, झेनोपसवर. शास्त्रज्ञांनी गर्भाच्या वरच्या थरातील पेशी एकमेकींपासून सुट्या केल्या आणि काही तास तशाच ठेवल्या. त्यांना संयोजकाजवळ नेले नाही, कुठलेही औषध दिले नाही. तरी त्या मज्जापेशी होऊ लागल्या. त्याच पेशी घट्ट एकत्र ठेवल्या तर मात्र कातडी होत.

म्हणजे सगळे उलटेच होते. या पेशींचा मूळ कलच मेंदूकडे आहे. कातडी होण्यासाठीच त्यांना हुकूम लागतो आणि तो हुकूम त्या एकमेकींना सतत देत असतात. पुढे या हुकमाचे नाव कळले, बीएमपी. हे प्रथिन आधी हाडे तयार करणारे म्हणून माहीत झाले होते, म्हणून त्याचे नावही हाडांवरूनच पडले. गर्भात मात्र ते पेशींना सांगत असते, कातडी हो.

मग संयोजक काय करतो? १९९२ मध्ये अमेरिकेत बर्कले येथे विल्यम स्मिथ आणि रिचर्ड हारलँड यांनी झेनोपसच्या गर्भातून एक पदार्थ शोधून काढला. तो जास्त झाला की गर्भाचे डोके अवाजवी मोठे होई. म्हणून त्याला बोलीइंग्रजीतला ‘टाळके’ अशा अर्थाचा शब्द नाव म्हणून दिला, नॉगिन. दोनच वर्षांनी कॉर्डिन आणि फॉलिस्टॅटिन हे आणखी दोन पदार्थही असेच काम करतात हे पुढे आले. आणि १९९६ मध्ये स्पष्ट झाले की नॉगिन आणि कॉर्डिन पेशींना काहीच सांगत नाहीत. ते फक्त बीएमपीला वाटेतच पकडून ठेवतात. हुकूम पेशीपर्यंत पोहोचतच नाही.

जत्रेतल्या लाऊडस्पीकरचे उदाहरण घ्या. गावभर एकच घोषणा चालली आहे, ‘कातडी व्हा, कातडी व्हा.’ संयोजक दुसरा स्पीकर लावून ‘मेंदू व्हा’ असे ओरडत नाही. तो आपल्या गल्लीतल्या कर्ण्याची वायर काढतो. तेवढ्या गल्लीत शांतता होते आणि तिथल्या पेशी मुळात ज्या व्हायच्या होत्या त्या होतात. साठ वर्षे सगळे हुकूम शोधत होते. तिथे होती ती मनाईवर घातलेली मनाई.

अर्थात, गोष्ट इतक्यावर संपत नाही. एफजीएफ नावाच्या दुसऱ्या संदेशांचाही यात हात असतो आणि कोंबडीच्या पिल्लात तो जास्त ठळक दिसतो. पण बीएमपीला अडवणे हा पाया माशापासून उंदरापर्यंत सापडला आहे.

करंजीची कड

अशा रीतीने पाठीवर मज्जापेशींचा चपटा पट्टा तयार होतो. झेनोपसमध्ये फलनानंतर चौदा-पंधरा तासांनी तो साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखू येतो. समोर रुंद, मागे निमुळता. रुंद भागाचा मेंदू होणार, निमुळत्या भागाचा मज्जारज्जू. कुठला भाग पुढचा आणि कुठला मागचा हे ठरवणारेही संदेश असतात. त्यातही तीच तऱ्हा दिसते. मागे ‘शेपटीकडचा हो’ असे सांगणारी रसायने पाझरतात आणि डोक्याकडे त्यांना अडवणारे पदार्थ असतात. जिथे हुकूम पोहोचत नाही तिथे पुढचा मेंदू होतो.

यानंतरचे दृश्य ज्यांनी घरी करंज्या केल्या आहेत त्यांना लगेच कळेल. गोव्याकडे नेवऱ्या म्हणतात त्या. लाटलेल्या पारीच्या दोन्ही कडा उचलायच्या, एकमेकींना भिडवायच्या आणि दाबून बंद करायच्या. मज्जापट्ट्याचेही असेच होते. त्याच्या दोन्ही कडा वर उठतात, मधोमध खोलगट पन्हळ तयार होते, कडा एकमेकींकडे झुकतात, भिडतात आणि जुळतात. सारणाची जागा पोकळ राहते, तेवढाच काय तो फरक. अशी लांबट नळी तयार होते, तिला मज्जानलिका म्हणू. झेनोपसमध्ये हे काम सुरू झाल्यापासून पाच-सहा तासांत आटोपते. अंडे फलित होऊन पुरता एक दिवसही झालेला नसतो.

या कडा उचलायला बाहेरचा हात नसतो. पेशी स्वतःच आकार बदलतात. काही पेशींचे वरचे टोक पिशवीचे तोंड नाडीने आवळावे तसे आवळते, त्यामुळे अख्खा पट्टा वाकतो. काही पेशी बाजूंनी मधल्या रेषेकडे घुसतात, त्यामुळे पट्टा अरुंद आणि लांब होत जातो, गर्दीतली माणसे एका रांगेत आली की रांग लांबते तसा.

नळी बंद होताना कडांवरच्या काही पेशी सुटून शरीरभर प्रवासाला निघतात. त्यांच्यापासून कातडीतले रंगद्रव्य, जबड्याच्या कूर्चा आणि मेंदूबाहेरचे कित्येक मज्जातंतू तयार होतात. नळीच्या पुढच्या टोकाला तीन फुगे येतात, पुढचा, मधला आणि मागचा मेंदू. पुढच्या फुग्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन फुगे बाहेर येतात आणि त्यांचा पुढे डोळ्यांचा पडदा होतो. म्हणजे डोळा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे.

‘मी झाले, आता तू नको’

नळीतल्या सगळ्याच पेशी लगेच मज्जापेशी होत नाहीत. तसे झाले तर पुढच्या वाढीसाठी कोणीच शिल्लक राहणार नाही. म्हणून जी पेशी आधी मज्जापेशी होऊ लागते ती शेजारणींना अडवते. झेनोपसमध्ये हे १९९० च्या दशकात स्पष्ट दिसले. हा अडवणारा संदेश बंद पाडला की गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेशी एकदमच मज्जापेशी होऊन बसतात.

मग प्रश्न येतो तारांचा. मेंदूतली पेशी पायापर्यंत पोहोचते कशी? १९०७ मध्ये अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील मज्जानलिकेचा कण काढून लसिकेच्या थेंबात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसले. पेशीतून एक बारीक तंतू फुटला आणि टोक हलवत, चाचपडत पुढे सरकू लागला, भोपळ्याच्या वेलाचा तणावा आधार शोधतो तसा. मज्जातंतू एकाच पेशीतून वाढत जातो, याचा हा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा होता. शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या तंत्राचा उगमही याच प्रयोगात मानला जातो.

हे तंतू वाटेल तिथे जाऊन चिकटत नाहीत, हे १९४० च्या दशकात रॉजर स्पेरी यांनी दाखवले. त्यांनी बेडकाचा डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू कापला आणि डोळा खोबणीतच उलटा फिरवून बसवला. बेडकात हा तंतू पुन्हा वाढतो. वाढला, दिसूही लागले. पण माशी वर असली की बेडकाची झेप खाली, माशी पुढे असली की मागे. कितीही दिवस गेले तरी त्याला सुधारता आले नाही. प्रत्येक तंतू आपल्या जुन्याच पत्त्यावर जाऊन पोहोचला होता. डोळा फिरला होता, पत्ते बदलले नव्हते.

झेनोपसचा गर्भ दिवसभराचा होऊन थोडा वेळ गेला की स्पर्श केल्यावर अंग वाकवतो. दोन दिवसांच्या आसपास अंड्यातून बाहेर येतो आणि हात लागला की पोहत सुटतो. खड्ड्यातल्या काडीने पळणारा तो हाच.

पुढे बेडूकमाशाचा बेडूक होताना मेंदूची आणखी एकदा मोठी डागडुजी होते. शेपटी जाते, तिच्या पेशी मरतात. पाय येतात, त्यांच्यासाठी नव्या तारा ओढल्या जातात. बाजूला असलेले डोळे वर सरकतात आणि दोन्ही डोळ्यांची चित्रे जुळवण्यासाठी नवी जोडणी होते. हे सारे थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकावर चालते आणि त्या संप्रेरकाला आयोडीन लागते. माणसाच्या बाळाच्या मेंदूलाही हेच संप्रेरक लागते. आयोडीनयुक्त मिठाचा आग्रह धरला जातो त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

माणसाची करंजी बंद होते अठ्ठाविसाव्या दिवशी

आता पुन्हा त्या कडांकडे येऊ. माणसातही पट्टा, पन्हळ आणि नळी हाच क्रम असतो. बेडकाला जे काही तासांत जमते त्याला माणसाच्या गर्भात काही दिवस लागतात. गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मज्जानलिका दोन्ही टोकांना बंद झालेली असते.

हिशेब करून बघा. गर्भधारणेनंतर दोन आठवड्यांनी पाळी चुकते. आणखी दोन आठवडे, की नलिका बंद. म्हणजे ‘प्रवासाने पाळी लांबली असेल’ असे म्हणण्यात, चाचणी करण्यात, घरात सांगण्यात आणि डॉक्टरची वेळ घेण्यात जे दिवस जातात, नेमके तेच हे दिवस.

करंजीची कड नीट दाबली गेली नाही तर ती तेलात फुटते. मज्जानलिकेची कड खालच्या बाजूला उघडी राहिली तर पाठीच्या कण्यात दोष राहतो, त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. अशा मुलाला पाय चालवणे, लघवी-संडासवर ताबा ठेवणे आयुष्यभर जड जाऊ शकते. वरची बाजू उघडी राहिली तर मेंदू आणि कवटी पूर्ण तयारच होत नाही आणि असे बाळ जगत नाही.

यातले बरेच टाळता येते, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांमध्ये, आधी असे मूल झालेल्या स्त्रियांवर मोठी चाचणी घेतली. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हा दोष पुन्हा येण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झाले. पेशी भराभर विभागताना नवा डीएनए लागतो आणि तो तयार करायला हे जीवनसत्त्व हवेच असते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की मूल हवे असे ठरवल्या दिवसापासून गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्यापर्यंत स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. दिवस गेल्यावर नव्हे, ठरवल्यापासून. पालेभाज्या आणि कडधान्यांत ते असतेच, पण या काळात फक्त जेवणावर भिस्त ठेवू नये. आधीच्या बाळात असा दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिटची गोळी चालू असेल तर डोस वेगळा लागू शकतो. कुठलीही चालू गोळी स्वतःहून बंद न करता आधी डॉक्टरांना विचारावे. गोळी महाग नाही. बेळगावात असो, पणजीत, इंदुरात की हैदराबादेत, सरकारी आरोग्य केंद्रात तिची चौकशी करता येते.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे अजूनही व्यंग असलेले मूल जन्मले की बोट आईकडे जाते. ग्रहणात विळी धरली असेल, भाजी चिरली असेल, नको तिथे गेली असेल. बेडकाच्या अंड्यांनी शंभर वर्षांत जे शिकवले ते या बोलण्याच्या आड येते. कड जुळते किंवा राहते ती पेशींच्या आकाराने, जनुकांनी, शरीरातल्या पोषणाने आणि तीही चौथ्या आठवड्यात, जेव्हा त्या बाईला स्वतःलाही नीट माहीत नसते. त्यात विळीचा काही संबंध नाही आणि चंद्राचा तर नाहीच.

येत्या पावसात खड्ड्यात असा साबुदाणा दिसला तर पोरांना जरूर दाखवावा. हात न लावता, पाणी न ढवळता. बादलीत भरून घरी आणायचीही गरज नाही. पावसाळ्यात गोव्यात आणि घाटात खाण्यासाठी बेडूक पकडण्याचे प्रकार दरवर्षी कानावर येतात, वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आहे. काळ्या ठिपक्याचा थोडा लांबट आकार झालेला आणि त्याच्या पाठीवर एक बारीक रेघ उमटलेली दिसली, तर समजावे की कडा जुळत आल्या. त्या अंड्यातला बेडूकमासा पुढे काडी बघून पळणार आहे.